राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने

नाही, अनुराधा, खुर्च्या मांडायला माणूस हवा असेल तर आमच्या थोरल्याला, अक्षतला सांग, येईल तो — पण ह्यांना नाही. गव्हर्नर-जनरलच्या स्वागताला फेटा बांधून एक ज्येष्ठ सभासद उभा करायचाय ना मंडळाला? दुसरा शोधा. पुरुषोत्तम देवधर येणार नाहीत. चहा ठेवत नाही हं, राग मानू नकोस — मान, मानलास तरी चालेल.

मागे गव्हर्नर आले, तू तेव्हा ख्राइस्टचर्चला होतीस. हरीशनं सांगितलं असेल त्याच्या पद्धतीनं — देवधरकाकांनी तमाशा केला म्हणून. मंडळाचा अध्यक्ष आहे, त्याचंच खरं. तमाशा? अगं, मंत्रालयात तीस वर्षं कक्ष अधिकारी होते हे. प्रत्येक आदेशाखाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि त्याखाली सही ह्यांची. राज्यपालांनी त्यातला एक तरी कागद पाहिला असेल? कुठला पाहतायत — हे ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी त्या दिवाळीला पापाटोएटोच्या हॉलमध्ये गव्हर्नर येणार कळल्यावर दाढी करताना आरशासमोर इंग्रजी वाक्यं घोकत होते. सिद्धीसाठी. आमची धाकटी — इथेच शिकली, नोकरीला लागली, कंपनी बंद पडली आणि व्हिसा नाकारला. जो तो म्हणायचा, बघू. वकील बघू, खासदार बघू. ह्यांना वाटलं, राणीचा माणूस आहे, एक शब्द टाकेल.

पूर्वी म्हणे गव्हर्नर म्हणून लंडनहून लॉर्ड यायचे, टोपीला पिसं लावून — त्यांच्या जवळ कोण जाणार? आता इथलंच कुणीतरी नेमतात. शाळांत बक्षिसं वाटायची, झाडं लावायची, आपल्यासारख्यांच्या हॉलमध्ये येऊन चकली खायची. हात कुणालाही मिळवता येतो, फक्त त्या हातात काही उरलेलं नाही. मला कळत होतं. ह्यांना कळत नव्हतं? कळत होतं गं.

ब्लेझर घालून रांगेत उभे राहिले. पुढे दोनच माणसं उरली, आणि हरीशनं कोपराला धरून बाजूला काढलं — काका, आज नको, मंडळाची शोभा होईल. सगळ्यांदेखत, लहान मुलाला काढतात तसं. ह्यांनी भिंतीचा आधार घेतला, घोकलेलं सगळं विसरले. बसवलं कुणी त्यांना? आपल्यातल्या कुणी नाही. गव्हर्नरांबरोबर आलेला एक अधिकारी होता, तरुण, खांद्यावर सोनेरी दोऱ्या. किया ओरा म्हणत इथल्या पद्धतीनं नमस्कार केला, पाणी आणलं, शेजारी बसून सगळं ऐकून घेतलं — आणि सरळ सांगितलं की गव्हर्नर-जनरल मंत्र्यांच्या सल्ल्यावर सही करतात, स्वतःहून कुणाचा व्हिसा थांबवत नाहीत की देत नाहीत. बघू म्हणून तुम्हाला घरी पाठवणं मला बरं वाटणार नाही, म्हणाला. हे म्हणाले, "ठाऊक आहे मला. दुसऱ्याच्या नावानं सह्या करण्यातच माझी तीस वर्षं गेली."

मग आलात कशाला, त्यानं विचारलं. तर म्हणाले, "ज्यांच्या नावानं माझ्या मुलीला बाहेर काढतायत, त्यांना ते एकदा तोंडानं सांगायचं होतं. एवढंच."

महिन्याभरात सिद्धी पुण्याला गेली. बेकार आहे अजून, पण ते असो. तेव्हापासून हे मंडळात फिरकले नाहीत. अपमान झाला, विषय संपला — त्या हॉलचं नाव काढलेलं चालत नाही त्यांना. कालसुद्धा म्हणाले, या वेळी रांग मंडळ लावणार की गव्हर्नरांची माणसं — म्हणजे तसं नाही, सहज विचारत होते. रोजच विचारतात. मंडळाकडून कुणी आलं होतं का, म्हणून. ब्लेझरसुद्धा ड्रायक्लीनला — नाही, तो अक्षतचा. मी सांगते, कुणी आलं नाही हो, विसरले ते तुम्हाला. मग दुसरं काय सांगू? परत कुणी कोपर धरलं तर घरी कोण आणणार त्यांना, तू? हरीश?

असं बघू नकोस माझ्याकडे.

थांब — गॅरेजचं दार वाजलं. अक्षत घेऊन आला त्यांना. ती निमंत्रणपत्रिका उचल आधी, आणि बाजूच्या फाटकानं जा. मोठ्यानं बोलू नकोस. जा म्हणते ना.

काही नाही हो, मुलगी होती कुणीतरी, पत्ता चुकली होती. आपल्या ह्या फ्लॅट बुशमधली घरं सगळी सारखीच दिसतात.