बिशपसाठी प्रार्थना

मेंदूच्या डॉक्टरांकडे माझ्या समोरच्या बाकावर एक म्हातारे बिशप आणि त्यांची मोठी बहीण बसली होती.

"ताई, तू आत येऊ नकोस."

"वा रे वा! लहानपणी इंजेक्शनला कोण न्यायचं तुला?"

"तेव्हा नुसतं दुखायचं गं. आता भीती वाटते."

"एवढं झालं तरी काय?"

"रविवारी चर्चमध्ये मिस्सेची उपासना चालवताना चुकलो. बिशपसाठी प्रार्थना असते ना, तिथे सगळे फादर माझं नाव घेतात. मी मात्र 'माझ्यासाठी, तुझ्या या सेवकासाठी' असं म्हणायचं असतं."

"मग?"

"मी आधीच्या बिशपांचं नाव घेतलं."

"अरे देवा! त्यांना तर तूच माती दिलीस."

"तेच तर! शेजारचे फादर हळूच सांगायला लागले, तर मी त्यांनाच दटावलं. मला खरंच वाटत होतं, ते आहेत आणि मी त्यांचा सेक्रेटरी."

"वयाने होतं असं. मी नाही, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत?"

"पुढच्या आठवड्यात दोघांना दीक्षा देऊन फादर करायचंय. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढचं काही आठवलंच नाही तर?"

"जिवाला घोर लावून घेऊ नकोस. आधी डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू."

नर्सने दारातून एक नाव पुकारलं. मग पुन्हा, जरा मोठ्याने.

"ताई, किती हाका मारतायत बिचाऱ्या! कुणाला बोलावतायत? उठत का नाही तो माणूस?"

"चल, ऊठ. मी येतेय आत."