अडीच किलोमीटर खालचं पार्सल

— नाही, आज नाही परत पाठवत तुम्हाला, बसा. दोनदा हेलपाटा घालायला लावला मी, कुरियरवाल्याशी असं वागू नये, कळतं मला. खोकं बांधून तयार आहे, फक्त फॉर्मवरचा हा रकाना — ‘पार्सलमध्ये सजीव काही आहे का?’ आता काय लिहू? जंतू आहेत. खाणीत अडीच किलोमीटर खाली, खडकाच्या फटीतल्या पाण्यात — ऊन नाही, हवा नाही, पाणी असं की हात भाजावा — आणि हे पठ्ठे खडकातून सुटणाऱ्या वायूवर गुजराण करतात! तिथं एकाचे दोन व्हायला शंभर वर्षं लागत असतील. मग याला जगणं म्हणायचं? — जाऊ दे, ‘बहुधा’ लिहितो. चालेल ना? चालवून घ्या.

चाळीस वर्षांपूर्वी दोन बाटल्या भरल्या मी तिथं. एक उघडली, भिंगाखाली जंतू दिसले, त्यावर प्रबंध लिहिला, प्राध्यापक झालो, सत्कार झाले. ही दुसरी. अजून सीलबंद. आता माझी विद्यार्थिनी — मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे हो! — म्हणते, सर, बाटली पाठवा, जनुकं वाचून चार दिवसांत सांगते हे कोण ते, नवे निघाले तर तुमचंच नाव देऊ. नाव! मी सहा महिने टोलवतोय तिला. का? वेळ नव्हता — छे, वेळच वेळ आहे. अहो, त्या दिवशी मला सर्दी होती. खाली उकाडा असा की तोंडावरची पट्टी मी काढली, दोन्ही बाटल्यांची तोंडं उघडी, आणि — शिंकलो. झालं. नाकातले जंतू त्या पाण्यात तगत नाहीत, हे मीच शिकवायचो. पण मेलेलेही भिंगातून दिसतातच की! म्हणजे जन्मभर मी पृथ्वीच्या पोटातले म्हणून जे दाखवत आलो, ते माझ्या नाकातले असले तर? हळू बोलतोय, बायको आत आहे. तिलाही कधी सांगितलं नाही —

काय गं? ... कधीपासून? ... ऐकलंत? म्हणते, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं. झोपेत बडबडतो म्हणे मी, ‘शिंकलो, शिंकलो’. एवढी वर्षं ऐकून घेतलं, आणि सत्काराच्या शाली घडी करून ठेवल्या! ... हो, हो, देतोय! म्हणते, नाकातले निघाले तर घरचेच आहेत, वाईट कशाला वाटून घ्यायचं.

घ्या बुवा. उभंच धरा, आडवं नको. सही? ही घ्या. आता निघा. आणि हे पाहा, मी खिडकीतून हात करीन, ‘थांबा’ म्हणून ओरडीनही — अजिबात थांबू नका. जा!