पुनाभाऊंची बाटली

आजच्या सेवानिवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आबासाहेब, प्राचार्य महोदय, शाल सावरत अवघडून बसलेले सत्कारमूर्ती पुनाभाऊ, समोर बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती सुंदरअक्का, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

चौतीस वर्षं आमच्या शिंदखेड्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा परिचर म्हणून पुनाभाऊंनी सांभाळली. विभागप्रमुख म्हणून त्यांच्याविषयी चार चांगले शब्द मी बोलावेत, असं ठरलं होतं. ते प्राचार्यांनी बोलून टाकले. माझ्याकडे उरलंय ते बारा वर्षं घशात अडकलेलं आहे.

मी तेव्हा नवी होते. स्पायरोगायराचा, म्हणजे गुरांच्या हाळात वाढतं त्या हिरव्या शेवाळाचा तास. भाऊंनी सकाळीच हाळावरून बाटली भरून आणलेली. काचेखाली लांबट पेशी, तिच्यात वळसे घेत गेलेली हरितलवकाची फीत आणि मधोमध एक फिकट ठिपका. मुलींनी विचारलं, हे काय? पुस्तकात केंद्रक कसं ठसठशीत रंगवलेलं असतं, हा ठिपका मला तसा वाटेना. मी ठोकून दिलं, "हवेचा बुडबुडा आहे, आकृतीत काढू नका."

काचा पुसता पुसता भाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, बुडबुडा नही शे तो. बुडबुडा दाबा का सरकस. हाऊ दोरास्ले टांगेल शे."

बुडबुडा दाबला की सरकतो, हा तर दोऱ्यांना टांगलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. वर्ग हसला. आणि मी काय म्हणाले असेन? "भाऊ, तुम्ही काचा पुसा."

सगळे गेल्यावर आयोडिनचा थेंब टाकून पाहिलं. केंद्रकच होतं, बारीक धाग्यांनी चारी बाजूंनी ताणून धरलेलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायला काय झालं होतं मला? नाही सांगितलं. पुढच्या वर्षी तर आणखी अवघड. ताजं शेवाळ लावलं की तो ठिपका दिसणार, म्हणून मी जुन्या तयार स्लाइडवरच शिकवत राहिले. भाऊ दर जुलैत न चुकता बाटली भरून माझ्या टेबलावर ठेवायचे. मी ती बेसिनमध्ये ओतायचे. रिकामी बाटली ते धुऊन ठेवायचे. एका शब्दानं कधी बोलले नाहीत, आणि त्यामुळेच मला सुटता येईना. लाज वाटायची हो, फार लाज वाटायची.

भाऊ, उद्यापासून तुम्ही नसाल. आज बोलले नाही तर त्या प्रयोगशाळेत मी कायमची कोंडली जाईन.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. काचेखालची चूक मात्र भाऊ, तुम्ही इतक्यात पोटात घालू नका. यंदाची बाटली मी ओतलेली नाही. त्या टेबलावर सूक्ष्मदर्शक लावून ठेवलाय. तो ठिपका कशाचा आहे, ते माझ्या विद्यार्थ्यांना तुम्ही दाखवा. काचा आज मी पुसल्या आहेत.