एकशे बारापुढचा शब्द

(पाथर्डी तालुक्यातल्या एका गावचं दूध संकलन केंद्र. मार्च संपत आलेला. संध्याकाळचे साडेसहा.)

वाल्मिक : दाबा मॅडम बटन. मागं दाराबाहेर अकरा किटल्या थांबल्यात. अर्ध्या तासात टँकर दारात उभा राहील.

सत्यशीला : वाल्मिकदादा, केंद्राचे सचिव तुम्ही असलात तरी हे बटण माझ्या लॉगिनवर आहे. मालनमावशींनी काहीतरी विचारलंय. उत्तर देते, मग दाबते.

मालनबाई : इचारलं म्हंजे काय बाई, येवढंच, की ह्यो मेसेज कशाचा हाय? महिन्यात दोनदा आला. इंग्रजीत हुता, म्हनून म्या समजले रिचार्ज संपल्याचा.

सत्यशीला : बघू. ‘कोड एकशे बारा,’ म्हणजे तुमचा नंबर. ‘मिल्क अडल्टरेटेड. फर्स्ट वॉर्निंग.’ आणि हा दुसरा. मावशी, ही ताकीद आहे. दुधात भेसळ सापडली म्हणून.

मालनबाई : भेसळ? माज्या दुधात?

वाल्मिक : आन् आज तिसरी. तिसऱ्याला कोड बंद. सहा महिने दूध घालता येत न्हाई. नियम कॉम्प्युटरचा हाय मावशी, माझा न्हाई.

मालनबाई : तुजा आसता तर तुज्या आईला सांगून मोडून घेतला आसता.

सत्यशीला : मावशी, खरं सांगाल? दुधात काय घातलं?

मालनबाई : कायबी न्हाई.

सत्यशीला : तुमची फॅट रोज चार लागते. आज पावणेचार. फॅट सोडून जो बाकीचा घट्टपणा, तो साडेआठाच्या वर असायचा. आज आठ पूर्णांक एक. दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरलेत, शंभरातले सहा. चारा हलका असता तर असे जोडीनं उतरले नसते. पाणी पडलं की असं होतं.

वाल्मिक : ऐका. मॅडम बीएस्सी हायेत, केमिस्ट्रीच्या. पार नगरच्या सावेडीवरनं आल्यात.

मालनबाई : सावेडीत गाया हायेत का?

सत्यशीला : नाहीत. पण थर्मामीटर आहे. सगळ्यांचं दूध चौतीस-पस्तीस डिग्रीला येतंय. तुमचं सत्तावीस. घरी फ्रिज आहे तुमच्या?

मालनबाई : लाईट येती रातची. फ्रिज काय लुगडी ठेवाया घिऊ?

सत्यशीला : मग दूध गार कशानं झालं?

वाल्मिक : बोल की मावशी. मॅडम इचारत्यात.

मालनबाई : बर्फानं.

वाल्मिक : झालं. कबूल झालं. दाबा.

सत्यशीला : थांबा हो. बर्फ कुठून आणता?

मालनबाई : कुल्फीवाल्याकडनं. लई ऊन आसलं त्याच दिशी, मुठीयेवढा. पाव किलो भरल न भरल. येळ तुमी बदलली, बाई. पयले पाचाला दूध घ्यायचा, आता साडेसहा. माजी गाय चारला पान्हा सोडती. तिला काय सांगू, बये, टँकरचा टाईम बदललाय, जरा दम धर? अडीच घंटं दूध ह्या उन्हात ठिवायचं कसं? येकदा घरीच फाटाया लागलं, तवाच ठरवलं.

सत्यशीला : अहो, पण बर्फ बाहेरून लावायचा. टपात बर्फ आणि मधे किटली.

वाल्मिक : रांगेतले आदिनाथबापू तसंच करत्यात.

मालनबाई : बापूला आख्खी लादी परवडती. पाव किलो टपात टाकला तर टप गार व्हतो, दूध न्हाई. किटलीत टाकला की तेवढ्यातच भागतं.

सत्यशीला : ते मात्र बरोबर आहे. आत टाकलेला बर्फ सगळा गारवा दुधालाच देतो. टपातला अर्धाअधिक हवेला जातो.

वाल्मिक : मॅडम, तुमी नक्की कुनाच्या बाजूच्या?

सत्यशीला : बर्फाच्या. पण तो वितळतो, तिथं माझा नाइलाज होतो.

मालनबाई : बर्फाचं पानी व्हतं येवढं मला कळतंय. म्या येडी न्हाई. पर पानी वाढवाया न्हाई टाकलं म्या. चार लिटरात पाव लिटर वाढवून बंगला बांधायचाय व्हय? त्यो शब्द परत म्हन बरं.

सत्यशीला : अडल्टरेटेड.

वाल्मिक : अडल्ट म्हंजे मोठ्या मानसांचं. सिनेमाच्या पोस्टरवर असतंय बगा.

सत्यशीला : नाही दादा. त्या अडल्टशी ह्याचं काही नातं नाही. दिसायला भाऊ, पण घरं वेगळी. तो वाढ पुरी झाली, असं सांगणारा शब्द. ह्याचं मूळ लॅटिनमधलं, ‘आल्टर’. म्हणजे दुसरा. असलेली वस्तू दुसरीच करून टाकायची, ते हे. खोटं नाणं पाडलं तरी रोमन लोक हाच शब्द वापरायचे. नवराबायकोत कोणी इमान मोडलं, तर त्याचा इंग्रजी शब्दही ह्याच मुळाचा.

वाल्मिक : ह्ये तुमाला केमिस्ट्रीत शिकवलं?

सत्यशीला : नोकरीच्या पहिल्या दिवशी शब्दकोश उघडून बघितलं. रोज माणसांच्या नावापुढं जो शब्द घालायचा, तो काय आहे ते कळायला नको?

मालनबाई : आल्टर तर आमच्या शिंप्याकडंबी हाय. ब्लाऊज आल्टर करून देतो म्हनतो.

सत्यशीला : तोच, मावशी. त्याच मुळातून आलेला.

मालनबाई : म्हंजी शिंप्यानं केलं की कारागिरी, म्या केलं की भेसळ.

सत्यशीला : आता तो शब्द वापरतात तो असा : चांगल्या वस्तूत हलकी वस्तू मिसळून तिचा कस घालवायचा. कोणी मिसळली, कशापायी मिसळली, ते त्यात येत नाही.

मालनबाई : मग शब्द अर्धाच हाय त्यो. आन् दुसरं करनं म्हनतीस, तर ऐक. दूध दुसरं व्हऊ न्हाई म्हनूनच म्या बर्फ टाकला. टाकला नसता तर इथं येईस्तोवर फाटून दुसरं झालं आसतं. दूध होतं तसं राहावं म्हनून जिनं जीव टाकला, तिलाच तुमी म्हनता दुसरं केलं.

वाल्मिक : मावशी, भाषण ग्रामसभेत कर. मॅडम, सात वाजाया आले.

सत्यशीला : मी दुपारीच हेड ऑफिसला फोन केला होता. दोन ताकिदी दिसल्या, म्हणून विचारलं, तिसरी आली तर काय. ते म्हणाले, सिस्टीमप्रमाणे करा.

वाल्मिक : मग?

सत्यशीला : सिस्टीममध्ये तीनच पर्याय आहेत. ओके, सावर म्हणजे नासलेलं, आणि अडल्टरेटेड. सव्वाआठाच्या खाली ओके घेतच नाही, लाल होतं. शेरा लिहायला जागा नाही. मागं जाता येत नाही, वजन आधीच चढलंय. ही नोंद पुरी केल्याशिवाय पुढचा कोड उघडत नाही.

वाल्मिक : तेच तर सांगतोय मगाधरनं. तुमी आडकल्या, म्या आडकलो, मागची अकरा मानसं आडकली.

मालनबाई : कोड गेला तर दूध मी कुठं घालू?

वाल्मिक : गावात दुसरी डेअरी न्हाई. पोराच्या नावानं नवा कोड काढ. वैजनाथ येऊ दे कारखान्यावरनं.

मालनबाई : त्येच नगं मला.

सत्यशीला : का?

मालनबाई : बाई, जमीन दिराच्या नावावर हाय. घर वैजनाथच्या नावावर. गायीचा इमा काढला त्योबी वैजनाथच्याच नावानं, साहेब म्हनला पुरुषाचं नाव टाका. रेशनकार्डावर म्या खालून दुसरी. एकशे बारा तेवढा माजा. पोरं कोयता घिऊन दिवाळीला गेली, की पार गुढीपाडव्यापतोर ह्या गावात म्या कोन हाय? एकशे बारा हाय. हितं येऊन नंबर सांगितला की तू मान वर करून बघतीस. पोराच्या कोडावर दूध घालाया लागले, तर म्या त्याची किटली पोचवनारी झाले की.

वाल्मिक : मॅडम.

सत्यशीला : काय?

वाल्मिक : सावर दाबा.

सत्यशीला : दूध नासलेलं नाही.

वाल्मिक : नसू द्या. सावर मोजलं जात न्हाई ताकिदीत. आजचं दूध परत जाईल, येवढंच. आन् नासकं दूध आपन मशीनीत घालत न्हाई, म्हनून सावर दाबलं की कॉम्प्युटर रीडिंगच पुसून टाकतो. पान्याचा पुरावाच राहत न्हाई.

सत्यशीला : म्हणजे खोटी नोंद करायची. माझ्या नावानं.

वाल्मिक : गेल्या साली बटन माझ्याकडं हुतं आन् ओके लाल व्हत नव्हतं, तवा म्या एकाला दया दावून ओके दाबलं हुतं. आख्खा टँकर परत आला, चार म्हैने लोकांनी मला रामराम घातला न्हाई. म्हनून म्हनतो, ओके नगा. सावरमधी कुनाचं काय जात न्हाई.

मालनबाई : जातं.

वाल्मिक : काय जातं?

मालनबाई : सावर म्हंजी नासकं. व्हय ना? आन् नासकं निघालं की तू बाहीरच्या फळ्यावर खडूनं नाव लिवतूस.

वाल्मिक : ते जुनं चाललंय, मावशी. चेअरमनच्या वडलांपासनं. बाकीच्यांनी भांडी घासावी म्हनून.

सत्यशीला : फळ्यावर नाव येतं, एवढंच ना? दोन दिवसांनी पुसतात की.

मालनबाई : फळा पुसतात. भीमाबाईचं नाव येकदा लागलं, सहा वर्सं झाली. आजून बाया तिच्या घरचं ताक घेत न्हाईत. म्हनत्यात तिच्या हाताला नासकटपना हाय, भांड्याला वास मारतो. आन् सप्त्यात खिरीचं दूध माज्या देखरेखीखाली असतं, बारा वर्सं झाली. आख्ख्या गावाचं दूध मी बोट बुडवून घेते. फळ्यावर माजं नाव लागल्यावर कोन बुडवू देईल बोट?

वाल्मिक : आन् अडल्टरेटेड?

मालनबाई : त्यो फळ्यावर येत न्हाई. त्यो इंग्रजी हाय. गावात कुनाला कळत न्हाई, मलाबी आत्ता कळला. त्यो वर हापिसात जातो आन् तिकडनं कोड कापून आनतो.

सत्यशीला : म्हणजे एका शब्दानं तुम्ही चोर, आणि कोड जातो. दुसऱ्यानं कोड राहतो, पण गावात तुम्ही घाण.

मालनबाई : आता बरोबर मोजलंस.

वाल्मिक : मी फळ्यावर लिवायला इसरलो म्हनून सांगतो.

मालनबाई : मागं अकरा जन उभी हायेत, त्यात आदिनाथबापू हाय. माजी किटली परत गेलेली त्यो बघनार. का परत गेली म्हनून इचारनार. तू इसरलास तरी त्यो इसरायचा न्हाई.

सत्यशीला : मी त्यांना समजावून सांगते. बर्फाचं, टँकरच्या वेळेचं, सगळं.

मालनबाई : काय सांगशील? मालनबाईनं दुधात बर्फ टाकला? मग त्यो दुसरा शब्द तूच मराठी करून दिलास की गावाला. मग कोडबी जाईल आन् नावबी.

वाल्मिक : मॅडम, टँकरवाल्याचा फोन वाजतोय. फाट्यावर आला.

सत्यशीला : मावशी, तुम्ही सांगाल तो दाबते. मला ठरवता येत नाही.

मालनबाई : तू शिकलेली हायेस. तुला खरा कंचा वाटतो?

सत्यशीला : मोजमापाला अडल्टरेटेड खरा आहे. पाणी आहेच. सावर साफ खोटा आहे. आणि तुमच्यासाठी म्हणाल, तर दोन्ही खोटे आहेत.

मालनबाई : खोटंच लिवायचं, तर मला झेपल ते लिव.

सत्यशीला : कोणतं?

मालनबाई : सावर.

सत्यशीला : नक्की? एकदा दाबलं की बदलता येत नाही.

मालनबाई : सप्ता वर्सातनं येकदा येतो. दूध सकाळ-सांज हाय. दाब.

सत्यशीला : दाबलं.

वाल्मिक : म्या फळा उद्या लिवतो. सकाळी. आज खडू संपलाय.

मालनबाई : आजच लिव. उद्या लिवलास तर गाव म्हनंल वाल्मिकनं मावशीला झाकलं. मग तुजाबी रामराम जाईल.

सत्यशीला : उद्यापासून तुमची किटली इथं आणून ठेवा. चारलाच. ऑफिसच्या टपात ठेवेन मी, बर्फ मी आणते.

वाल्मिक : केंद्र सहाला उघडतं, मॅडम. किल्ली चेअरमनकडं असती.

सत्यशीला : मग... मग काय करायचं उद्या?

मालनबाई : उद्याचं उद्या. सर बाजूला, किटली घिऊ दे.

वाल्मिक : आन् बापूनं इचारलं तर काय सांगनार?

मालनबाई : सांगीन, हात दुखतोय, दोन दिस भांडं घासलं न्हाई.

वाल्मिक : ह्या किटलीकडं बघून कोन इस्वास ठेवल? तोंड दिसतंय तिच्यात.

मालनबाई : मागल्या दारानं जाते. वढ्यात जरा माती लावून घेते तिला.