माझ्या नावाची मंजुरी

हॅलो? हॅलो, निकिता? त्रिवेणी बोलायलेय… हो, सेलूहूनच. जिनिंगच्या गेटवर उभी हाय… आवाज कशाचा म्हणजे? गाड्यांचा! पेडगावच्या कापसाच्या दहा गाड्या गेटवरच अडवल्यात. आपलं अॅप म्हणतंय, यांचं कापूस घालायच्या नंबराचं टोकनच न्हाई… न्हाई, संध्याकाळी न्हाई. आत्ता बोल.

हो, दिनकररावच ओरडले. मॅनेजर हायत, ओरडणारच की! पण समद्यांपुढं, निके? "मॅडम, वाचून मंजूर तुमी केलं, आता पुन्हा इथं पाय ठेवू नका"… त्यांनी मोबाईलच पुढं धरला. अॅपमधला बदल लिहिला निकितानं, वाचून मंजूर केला त्रिवेणीनं. मंगळवार, सकाळी अकरा दहा.

मंगळवारी अकराला मी कुठं होते?… सांग ना… हां. परभणीला, दवाखान्यात. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन चालू होतं. तूच फोन केलास, नागुकाकू कशा हायत म्हणून.

मग वाचलं कुणी?

कोण?… दमानं सांग… तो एआय मदतनीस? प्रोग्राम लिहिणारा? त्याला आपल्या साइटला जोडलास, जिथं आपलं समदं काम राहतंय तिथं?… जोड की! मी कधी नको म्हणाले? मीच सांगितलं होतं, त्याला लिहू दे, मी वाचते… हो, हो… अगं ऐक ना! लिहायला तुझी चावी, तुझ्या नावाचं लॉगिन होतं. मंजुरीला माझी चावी कामून दिलीस त्याला?

दिली होती, मीच दिली होती तुला. दोन दिवसांसाठी. काही बंद पडलं तर चालू करशील म्हणून. तुझ्यापाशी ठेवायला दिली होती गं!

म्हणजे त्यानंच लिहिलं अन् त्यानंच वाचलं. तुझ्या नावानं लिहिलं, माझ्या नावानं मंजूर. वा गं वा! एकीनं लिहायचं, दुसरीनं वाचायचं, मगच चालू करायचं… तीन वर्षं झाली, दिवाळीच्या दिवशी सुद्धा हे मोडलं न्हाई आपण.

बारीक चूक?… अगं, एकाच फोनवरची टोकनं त्यानं दुबार समजून उडवली! पेडगावच्या बन्सीधरकाकांच्या फोनवर अकरा होती. एक राहिलं, दहा गेली… दुबार कशाची? आख्ख्या गल्लीची टोकनं काकाच काढतेत, बाकीच्यांना अॅप जमत न्हाई. त्यांच्या ओट्यावर बसून बघितलंय मी ते. मला वाचायला दिलं असतंस तर एका मिनिटात सापडलं असतं… माहीत हाय, तो काही पेडगावला गेला न्हाई कधी. मी त्याच्यावर न्हाई चिडले. तुझ्यावर चिडलेय.

बरं, एक काम कर. दिनकररावांना फोन लाव अन् सांग, त्रिवेणीनं वाचलंच नव्हतं. एवढंच… का जमणार न्हाई?… बोल की… सकाळीच? सकाळीच बोलणं झालं तुमचं? काय सांगितलंस?… पुन्हा म्हण.

"त्रिवेणीनं आईच्या गडबडीत न वाचताच मंजूर केलं असंल."

असं सांगितलंस तू?

न्हाई, रडू नको. रडायचं मी का तू?… हो, कळालं. दुसऱ्या जिनिंगचं काम तुझ्या हातातून जाईल म्हणून माझं नाव पुढं केलंस… लय लागलं मला, निके. दिनकरराव बोलले तेवढं न्हाई लागलं.

काय?… मला तरास नको म्हणून इचारलं न्हाई? थांब. थांब जरा. साइट उघडलीय मी, त्या बदलाखाली अजून काहीतरी लिहिलेलं हाय… तुझं अन् त्या मदतनिसाचं बोलणं हाय हे… कामून, वाचू नको कामून? माझ्या नावाखाली हाय, मी वाचणारच.

"एका फोनवरून अनेक शेतकरी टोकन काढत असतील, तर ही दुबार नसतील. मंजुरी त्रिवेणी यांच्या नावाची आहे, आधी त्यांना विचारू का?"

निके, त्यानं इचारलंय. त्यानं!

अन् खाली तुझं उत्तर… तू वाचतीस का मी वाचू?… मीच वाचते. "गरज नाही. ती काही म्हणत नाही. तिच्या नावानं करून टाक."

थांब, फोन ठेवू नको. एक काम करतेय. झालं.

चावी रद्द केली आत्ता… तुझ्याकडचीच. आता ऑफिसात चालले, बन्सीधरकाका सोबत हायत… हो, हेच दाखवणार दिनकररावांना. तुझ्या शब्दात हाय तसं… न्हाई, येऊ नको. तू येऊन काय सांगशील, ते खरं कसं धरू मी आता?

ठेवते.