सूपभर कोंडा

कडूबा : उतर ना वं काकू! पोती नेयाचा हुकूम हाय, तुले नेयाचा नाही.

झुंबरबाई : मंग खालून वढून घे. मी वरच राह्यतो.

(नांदुऱ्याचा धान्यबाजार, उत्तमरावांच्या अडतीची मागची बाजू. एकोणीसशे पासष्टचा भादवा. सरहद्दीवर लढाई सुरू आहे आणि इथं आभाळ भरून आलंय. फाटक्या पोत्यांचा ढीग नगरपालिकेच्या बैलगाडीत चढलाय, आणि ढिगावर झुंबरबाई चढून बसलीय. कडूबा गाडीवान कपाळाला हात लावून उभा.)

कडूबा : अध्यक्षानं सांगतलं, उत्तमरावशेठच्या अडतीमांगचा कचरा उचल आन् खतखड्ड्यात टाक. माहा बैल बी पालिकेचा, मी बी पालिकेचा. आम्हाले कोन इचारते?

झुंबरबाई : कचरा म्हनते! याच पोत्यांवर माही चूल पेटते बे. उंदरानं एक भोक पाडलं का तुहा शेठ पोतं मांगं फेकते. मी दाभन घेतो, ठिगळ लावतो, गरिबाच्या घरी ते अजून चार साल दाने सांभाळते. यात कोनाचं काय गेलं?

कडूबा : शेठचं नाक गेलं. म्हनते, दुकानात मोठमोठे व्यापारी येतात, आन् मांगून वास येते.

झुंबरबाई : वास! त्याले वास येते! आता मी तोंड उघडलं ना...

कडूबा : उघड ना. बैलाले घाई नाही.

झुंबरबाई : नाही उघडत. त्याच्या मायले शब्द देला होता.

कडूबा : कशाचा शब्द? थांब, थांब. शेठच पळत येऊन राह्यले. धोतराचा सोगा बी हातात हाय. तुले उतरवालेच येत असतीन.

उत्तमराव : कडूबा! थांब! गाडी हाकू नकोस!

कडूबा : हाकतो कुठं शेठ? काकू बसेल हाय ना वर.

उत्तमराव : वा, वा. नमस्कार, झुंबरबाई. बसा, बसा. आपण अगदी योग्य ठिकाणी बसलेल्या आहात.

झुंबरबाई : कडूबा, हा कोनाशी बोलून राह्यला? माह्यामांगं कोनी मास्तरीन आली का?

उत्तमराव : आपल्याशीच बोलतोय. त्याचं असं आहे, बारदान्याची किंचित अडचण उपस्थित झालेली आहे. कलकत्त्याहून नव्या पोत्यांची वॅगन निघाली होती. पण लढाईमुळे फौजेच्या गाड्यांना आधी वाट. आपली वॅगन नागपूरलाच बाजूला काढून ठेवली. आत्ताच तार आली.

कडूबा : मंग अकोल्याहून आना.

उत्तमराव : अकोल्यात नाही, खामगावात नाही, कुठंच नाही. सगळ्यांचीच वॅगन अडकली. आणि माझ्या अंगणात मूग पडलाय.

झुंबरबाई : किती?

उत्तमराव : जळगाव जामोदकडच्या साऱ्या गाड्या कालच खाली झाल्या. उघड्यावर... अन् शेतकऱ्याइचा माल हाय वं तो! माह्या भरोशावर टाकून गेले! आन् हे आभाळ पाह्य!

झुंबरबाई : हं. आता कसा घरच्या बोलीवर आला.

कडूबा : पानी पडलं का मुगाले मोड येतीन शेठ. साऱ्या नांदुऱ्याले उसळ.

उत्तमराव : तुले मस्करी सुचते? उतरव ती पोती!

कडूबा : तसं कसं? तुम्हीच फेकली, तुम्हीच अध्यक्षाच्या कानी घातलं. टाकलेली चीज उचलनाराची असते. आता हे पालिकेचं खत हाय.

झुंबरबाई : लाख बोलला! टाकलेलं उचलनाराचं. आन् उचलनारापासून ते वापस कसं घेयाचं, हे या शेठले शिकवा नाही लागत. जन्मल्या जन्मल्या शिकला तो.

उत्तमराव : मावशी, ते नको काढू.

कडूबा : काय नको काढू?

झुंबरबाई : मंगाशी "आपण" होती, आता मावशी झाली! मी नाही काढत. मी शब्दाची पक्की हाय. तूच सांग. नाहीतर कडूबा, हाक गाडी.

उत्तमराव : चारचौघात कशाले...

झुंबरबाई : चारचौघं कुठं हायेत? एक कडूबा आन् एक बैल.

कडूबा : शेठ, थेंब पडला. माह्या नाकावर पडला, आईच्यान!

उत्तमराव : सांगतो, सांगतो! माह्या आधीचे दोन भाऊ पाळन्यातच गेले. म्हनून मी झालो तवा सुईनीनं मले सुपात घातलं आन् उकिरड्यावर नेऊन ठेवलं. सटवाईले वाटावं, हे लेकरू कोनाले नको हाय. मंग ती नेत नाही. या मावशीनं मले उचललं. मायनं सूपभर कोंडा देऊन तिच्यापासून इकत घेतलं. झालं समाधान?

कडूबा : अरे बाप्पा! मंग नाव?

उत्तमराव : उकर्डा.

कडूबा : पन अडतीच्या पाटीवर तं उत्तमराव हाय!

उत्तमराव : पाटी मीच रंगवून आनली.

झुंबरबाई : मी नवी नवरी होती तवा. तुही माय कोंडा घेऊन दारात उभी राह्यली, तरी मी तुले लवकर देला नाही. तू माह्या मांडीवर झोपला होता. अंगाले राखेचा, शेनाचा वास येत होता, पन मले तो गोड लागला बे. पुढं माह्या पोटी काही झालं नाही. म्हनून तू मांगून वास येते म्हनला ना... मले लागलं ते.

उत्तमराव : मावशी, चुकलं माहं.

झुंबरबाई : चुकलं तं चुकलं. सूपभर कोंडा आन.

उत्तमराव : आता? भर बाजारातून?

झुंबरबाई : नाहीतर का आकाशातून? जा लवकर, पानी काही तुह्यासाठी थांबनार नाही.

कडूबा : गेले वं काकू, खरंच गेले! मले वाटलं गडी पाठवतीन.

झुंबरबाई : उकिरड्यावरचं लेकरू हाय. चिवट असते.

कडूबा : आले, आले! डोक्यावर सूप, आन् सारा बाजार पाहून राह्यला!

उत्तमराव : हे घे. झालं ना मनासारखं?

झुंबरबाई : यात मूग कशाले टाकले?

उत्तमराव : निस्ता कोंडा बरा दिसत नाही म्हनून.

झुंबरबाई : काढून घे. तुह्या मायनं निस्ता कोंडाच देल्ता. वर काही देलं का सटवाईच्या ध्यानात येते, हे मोलाचं हाय.

कडूबा : पोत्याइले बी सटवाई लागते?

झुंबरबाई : लागते ना. तुह्यासारखी गाडी घेऊन येते.

कडूबा : बरं, पन उचललं माह्या बैलानं. कोंड्यावर हक्क त्याचा.

झुंबरबाई : टाक त्याच्या पुढं. झाला सौदा. आता उतरव पोती. ठिगळ लावेल साजरी एकीकडं, फाटकी माह्याकडं.

उत्तमराव : ढीग इथंच राहीन, मावशी. अध्यक्षाले मी सांगतो. वर टिनाचं छप्पर बी टाकून देतो.

झुंबरबाई : टाकजो. आधी हे दाभन धर. माहे दोन हात पुरनार नाहीत.

उत्तमराव : मी शिवू?

झुंबरबाई : सुतळी तं ओवता येते ना? बस इथं. तिकडं नाही, माह्याजवळ बस, मले दिसत नाही दुरून.

कडूबा : शेठ, साजरी पोती घेऊन मी पुढं होतो. तिकडून हमाल बोंबलून राह्यले, उत्तमरावशेठ कुठं गेले म्हनते. काय सांगू?

उत्तमराव : सांग, उकर्डा मावशीपाशी बसला हाय.