फक्त गुरुवारी चावणारं जनावर

नेवेन्का : तारेचं टोक सपाट आहे. जरा उजेडात धर, ड्रागो. वरचं रबर आणि आतलं तांबं, दोन्ही एकाच रेषेत तुटलंय. आणि रबराच्या कापावर मधोमध एक बारीक उंचवटा आहे. केसाएवढा.

ड्रागो : वहिनी, मार्टेन आहे. आपल्या डोंगरात गाडी चालू झाली नाही तर दुसरं कारण नसतं. मुंगसाएवढं ते जनावर, रात्री इंजिनाच्या उबेला येऊन बसतं आणि बसल्या बसल्या तारा कुरतडतं. परवा पाद्रीबाबांच्या गाडीची पाण्याची नळी खाल्ली.

विन्को : सकाळपासून तेच सांगतोय मी. पण सूनबाई शाळेत रसायनशास्त्र शिकवतात ना, म्हाताऱ्याचं कोण ऐकतंय!

नेवेन्का : बाबा, दातांनी तोडलेली तार चघळलेली दिसते. कडेला सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. इथे एकही नाही.

विन्को : या मार्टेनचे दात चांगले असतील.

ड्रागो : असो नाहीतर नसो, माझी अब्रू चालली आहे त्याचं काय? कुत्र्याचे केस पिशवीत भरून इंजिनाशी बांधून दिले. संडासातली वासाची वडी टांगली. गाडीखाली कोंबड्यांची जाळी अंथरली. गावात म्हणतात, ड्रागोला एक जनावर आवरत नाही. आणि माझ्या कुत्र्याला मार्च महिन्यात थंडी वाजतेय, ती वेगळी!

नेवेन्का : बारा तारखेला बॅटरीची पकड सैल झाली होती. एकोणीसला फ्यूज गायब. आज सव्वीस, आणि ही इंजिन पेटवणाऱ्या कॉइलची तार. ड्रागो, मार्टेनला पाना चालवता येतो?

ड्रागो : बारा तारखेला मला वाटलं, उडी मारताना पाय लागला असेल त्याचा.

नेवेन्का : बारा, एकोणीस, सव्वीस. तिन्ही गुरुवार.

विन्को : मग? बुधवारी संध्याकाळी आपण कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतो. वासाने येतं.

ड्रागो : हे मात्र पटण्यासारखं आहे हं, वहिनी.

नेवेन्का : आणि डबा सोडून फ्यूज खातं? बाबा, तुमची पक्कड आणता का जरा? तार कापायची.

ड्रागो : माझी आहे की पेटीत.

नेवेन्का : तुझी नको. बाबांची हवी.

विन्को : कुठे ठेवलीय कोण जाणे.

नेवेन्का : लाकडांच्या खोलीत, दाराच्या मागे, खिळ्याला. रोज तिथेच असते.

(विन्को आत जातो.)

ड्रागो : वहिनी, पावणेदहा झाले. मी तुम्हाला खाली शहरात, रिएकाला सोडलं असतं, पण माझी गाडी चाकं काढून उभी आहे, आणि बस गेली पहाटेच. दंतवैद्य थांबेल हो. दात काय पळून जातोय?

नेवेन्का : दंतवैद्य नाहीये, ड्रागो.

ड्रागो : मग?

नेवेन्का : बारा वाजता नोंदणी कार्यालयात जायचंय. लग्नाची आगाऊ नोंद द्यायला दोघांनी एकत्र जावं लागतं. मागचे दोन गुरुवार एमिल एकटाच पायऱ्यांवर उभा होता. आतल्या बाई त्याला म्हणाल्या, साहेब, नवरी आहे ना नक्की?

ड्रागो : एमिल कोण?

नेवेन्का : बंदरावर काम करतो. बोटींची इंजिनं बघतो.

ड्रागो : इंजिनं? मग आत्ता फोन करून विचारलं असतं की त्याला! बरं, ते जाऊ दे. विन्कोकाकांना सांगितलंत?

नेवेन्का : वर्षभर सांगतेच आहे. समोर बसते, तोंड उघडते आणि म्हणते, बाबा, बटाटे उकडले.

ड्रागो : काकांच्या तिहोमिरला जाऊन नऊ वर्षं झाली, वहिनी. मित्र होता माझा. तो असता तर तोच म्हणाला असता...

नेवेन्का : तो असता तर हे काहीच नसतं. हळू बोल, आले.

विन्को : ही घे. गंजलीय जरा.

नेवेन्का : ड्रागो, त्याच तारेचा दुसऱ्या टोकाचा तुकडा दे. दाबते. हं. आता दोन्ही कडा शेजारी धर.

ड्रागो : उंचवटा.

नेवेन्का : पात्याला खाच आहे. खाचेत रबर कापलं जात नाही, वर राहतं. दोन्हीकडे मधोमध, दोन्हीकडे केसाएवढं.

ड्रागो : ही खाच कुंपणाचा खिळा तोडताना पडली होती. मी शिडी धरून उभा होतो. काका! म्हणजे मी दोन आठवडे जनावराच्या मागे रात्री टॉर्च घेऊन फिरलो, ते...

विन्को : फिरायला कोणी सांगितलं होतं?

नेवेन्का : तुम्ही! तुम्ही सांगितलंत, बाबा! ‘ड्रागो, जरा बघ रे रात्री’ असं म्हणालात आणि वर पेलाभर राकिया पाजलीत त्याला! मी त्या बिचाऱ्या कुत्र्याचे केस कापत बसले आणि तुम्ही पायरीवर कॉफी पीत बघत होतात. लाज नाही वाटली?

विन्को : वाटली. पहिल्या गुरुवारी वाटली. मला वाटलं, ही शिकलेली पोर, पकड सैल दिसली की ओळखेल, येऊन भांडेल माझ्याशी. तू मार्टेनला शिव्या देत बसलीस. मग फ्यूज काढला. तरी नाही! शेवटी तार कापली. आणखी काय करायचं माणसाने, चाकं काढायची?

नेवेन्का : घाटात गाडी बंद पडली असती म्हणजे?

विन्को : चालूच होणार नाही असं केलं, ते कशासाठी? ब्रेकला बोट लावलं नाही मी. चाळीस वर्षं जंगलात झाडं पाडली, कुठे कापायचं ते कळतं मला. आणि आता तू सांग. वर्षभर दर गुरुवारी दंतवैद्य! किती दात आहेत गं तुला? मला सातच उरलेत, आणि जन्मात दोनदा गेलोय मी त्याच्याकडे.

ड्रागो : माझ्या पेटीत जुनी तार आहे. मी बसवतो. तुम्ही बोला.

नेवेन्का : माझ्यावर पाळत ठेवलीत?

विन्को : पाळत? कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात तिहोमिरचा मृत्यूचा दाखला होता. त्याच्या जन्मदिवशी मी तो डबा उघडतो, तुला माहीत आहे. दाखला नव्हता. मी घर उलटंपालटं केलं, नेवेन्का. पलंगाखाली शिरलो या गुडघ्यांनी. मग तुझ्या पिशवीत सापडला, कार्यालयाच्या पत्रासोबत. दंतवैद्याला कशाला लागतो गं तो?

नेवेन्का : मी परत ठेवणार होते.

विन्को : कधी? वरातीनंतर?

नेवेन्का : आणि सांगायचं कसं होतं तुम्हाला? तो गेला तेव्हा तुम्ही म्हणालात, दोन महिने इथेच थांब. मी थांबले. पुन्हा म्हणाला नाहीत, मी पुन्हा विचारलं नाही. नऊ वर्षं! तुमची लाकडं, तुमच्या गोळ्या, तुमची मक्याची पोलेंटा घट्ट का झाली म्हणून रोजची कुरकुर...

विन्को : घट्ट होते ती.

नेवेन्का : मी कुठे चोरी करतेय, की मला दाताचं कारण सांगून घराबाहेर पडावं लागतं?

विन्को : मी कधी म्हटलं, जाऊ नकोस?

नेवेन्का : म्हटलं नाहीत! तार कापलीत!

विन्को : आणि तू? तूही म्हटलं नाहीस. दुसऱ्या घरी चाललीस ते मला कागदावरून कळलं. परक्यासारखं. तिहोमिर गेल्याचं पण फोनवर कोणा परक्यानेच सांगितलं होतं. मला वाटलं होतं, पुढच्या वेळी तरी घरचं माणूस सांगेल.

ड्रागो : बसली तार. वहिनी, चावी फिरवून बघा... हां! ऐका! पहिल्या फटक्यात! कसला मार्टेन आणि कसलं काय! साडेदहा होतायत, निघा आता. वळणांवर घाई नका करू.

विन्को : जा. तो वाट बघत असेल.

ड्रागो : जा ना वहिनी, रस्ता रिकामा... अहो, बंद का केलीत? आत्ता तर चालू झाली!

नेवेन्का : गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही यांना. बाबा, इकडे बघा. मी एमिलशी लग्न करणार आहे. मे महिन्यात. आणि मग मी इथे राहणार नाही.